दोन पाटे

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी एकदा विचारले, "तुमच्या घरात रोज वापरला जाणारा, पण बाहेरच्या माणसाला चटकन न कळणारा एखादा शब्द सांगा." कुणी भाताच्या जातीचे नाव सांगितले, कुणी मासळीचे. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाटा." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी "वरवंटा कुठाय?" असेही विचारून घेतले. मी म्हणालो, "तो नव्हे सर, गाडीचा पाटा." पण तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि माझा पाटा तसाच अर्धवट राहून गेला. तो या पानांवर पुरा करावा म्हणतो.

आमच्या घरात वाटणाचा पाटा आहेच. पण आमचे घर चालते ते दुसऱ्या पाट्यांवर. मालवाहू पिकअपच्या मागच्या आसाखाली वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी असते. सर्वांत वरचा पाटा सर्वांत लांब. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्यांतून तो गाडीच्या सांगाड्याला अडकवलेला असतो. त्याखालचे पाटे उतरत्या भाजणीने आखूड होत जातात. मधोमध एक सेंटर बोल्ट आणि दोन यू बोल्ट ही सारी जुडी आसाला घट्ट बांधून ठेवतात. साऱ्या जुडीला बाक असतो, म्हणून जुने मेस्त्री तिला कमान म्हणतात. गाडीवर ओझे चढले, की कमान सपाट होत जाते. ओझे उतरले, की पुन्हा वाकते. रस्त्याचा धक्का चाकाला बसतो, तो मालापर्यंत पोहोचायच्या आत पाट्यांनी पोटात घालायचा, एवढेच त्यांचे काम. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसारखेच म्हणा ना!

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या आणि मग कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी आमचे गाव आहे. आमच्या कुळात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि महाविद्यालयाची पायरी चढलेला तर पहिलाच. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी आजीने शेजारी साखर वाटली आणि "माझा नातू कालेजात गेला" असे सांगत सगळी आळी फिरली. (आजी अजूनही आपल्या जिल्ह्याला कुलाबाच म्हणते. १९८१ साली नाव बदलून रायगड झाले, ही गोष्ट तिने आजवर मान्य केलेली नाही.) तेव्हापासून घरात एक नवीनच प्रथा सुरू झाली. विजेचे बिल आले, की माझ्यापुढे. बँकेचा कागद आला, की माझ्यापुढे. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरेही माझ्यापुढे. "तू शिकतस ना रं? बघ काय लिवलाय." मी वाचून दाखवायचो. खरे सांगायचे तर यातला मोठेपणा मला आवडू लागला होता.

पिकअपचे वर्ष म्हणजे आमच्या घरचे वर्ष. उन्हाळ्यात विटा, जांभा, लग्नाची भांडीकुंडी. दिवाळीच्या आगेमागे भाताची पोती. आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत गणपती. पेणचे गणपती माहीत नाहीत असा मराठी माणूस विरळाच. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या भागांतल्या गावांत घराघरांतून कारखाने आहेत. परदेशी जायच्या मूर्ती महिनोन् महिने आधीच खोक्यांत भरून निघतात. मुंबई-पुण्याच्या आणि आमच्या रोह्या-माणगावाकडच्या मूर्ती मात्र टेम्पोने आणि पिकअपने जातात. या दोन-अडीच महिन्यांत जी काय मिळकत होते, तिच्यातून गाडीचा विमा, पावसाळ्यानंतरची डागडुजी आणि गेल्या वर्षापासून माझी फी. पहिल्या वर्षाची फी गणपतीनेच भरली, असे मी म्हणालो तर त्यात अलंकार काही नाही.

आता गोष्टीला येतो. २०२४ च्या हंगामातली पहिलीच खेप. बाबांनी हमरापूरच्या बाजूने चाळीस मूर्ती भरल्या. रोह्याच्या एका दुकानदाराने त्या मागवल्या होत्या. हौद्यात खाली पेंढ्याचा जाड थर, मूर्तींच्या मध्ये पेंढ्याचे बोळे, वरून प्लास्टिक, दोऱ्या. मी मदतीला होतो. पेण, वडखळ, नागोठणे आणि तिथून भिसे खिंडीतून रोहे, असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर हे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, म्हणजे मी अगदी लहान होतो तेव्हा. त्या रस्त्याच्या कहाण्या ऐकतच आमची पिढी मोठी झाली. पावसाळ्यातल्या खड्ड्यांविषयी इथे लिहीत बसत नाही. वाचकांपैकी निम्मे लोक त्याच वाटेने येतात.

रोह्यात प्लास्टिक सोडले तेव्हा सात मूर्ती दुखावल्या होत्या. एकीचा कान, दोघींची बोटे, एकीची सोंड, आणि एका बैठ्या गणपतीचा तर वरद हस्तच मनगटापासून तुटून पेंढ्यात पडला होता. दुकानदार वाईट माणूस नव्हता. पण भंगलेली मूर्ती कोण पुजणार? बोटे पुन्हा चिकटवता येतील, रंगही लावता येईल. पण गिऱ्हाइकाला एकदा कळले, की संपले. सात मूर्तींची किंमत भाड्यातून वळती झाली. भाडे त्याहून कमी होते. म्हणजे पन्नास किलोमीटर गाडी चालवून बाबा उलट देणे लागून घरी आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. हौद्यातला तो तुटलेला हात त्यांनी रुमालात बांधून आणला होता; सकाळी अंघोळ करून कुंडलिकेत सोडून आले.

दोष कुणाचा? मला तेव्हा वाटले, रस्त्याचा. नंतर समजले, की निम्मा दोष गाडीच्या ताकदीचा होता. ऐकायला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या गाडीचे पाटे पंधरा-सोळा क्विंटल मालाच्या हिशोबाने बसवलेले. त्यांच्यावर विटा भरल्या, की ते निमूट वाकतात, आणि गाडी कशी हत्तीसारखी डुलत चालते. पण चाळीस मूर्तींचे वजन ते किती! चार क्विंटलही भरत नाही. एवढ्या वजनाला ते पाटे भीकही घालत नाहीत. ते ताठच्या ताठ राहतात, आणि खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा वर चढवतात. रिकामी पिकअप रस्त्यावरून उड्या मारीत जाताना तुम्ही पाहिलीच असेल. गणपतीची गाडी म्हणजे जवळजवळ रिकामीच गाडी. फरक इतकाच, की तिच्यात जगातला सर्वांत नाजूक माल उभा असतो.

विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मित्राने मला हे समजावले. त्याने वहीत आकृती काढून सांगितले, की रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला : जेवढा भार, त्या प्रमाणात वाक. नियम एका ओळीचा आहे. मात्र तो मला समजला तो फार उशिरा, ऑक्टोबर महिन्यात. जुलैमध्ये समजला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

जुलैत काय झाले, तर बाबा आपली तक्रार घेऊन एका मेस्त्रीकडे गेले. मेस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन-दोन पाटे काढून टाका. मागची बाजू खाली बसेल, नरम होईल. मूर्ती उचलून ठेवायलाही बरी. मोटारीसारखी चालेल बघा." बाबांनी लगेच होकार दिला नाही. ते घरी आले आणि रात्री माझ्यापाशी बसले. म्हणाले, "मेस्त्री बोलतो पाटे काढा. तू शिकतस ना? इचार कुनाला तरी. नायतर बघ त्या मोबाइलात."

मी कुणालाही विचारले नाही. मोबाइलात पाहिले. वाचकहो, मोबाइलात काय नसते! अमेरिकेतले तरुण आपल्या पिकअप मागून खाली बसवतात, त्याची चित्रेच्या चित्रे मी पाहिली. गाडी जमिनीला जवळजवळ टेकलेली, चकचकीत रंग, काळा गुळगुळीत रस्ता. तिकडे ही हौस फार जुनी आहे. कॅलिफोर्नियात तर गाड्या इतक्या खाली बसवू लागले, की १९५८ पासून तिथे कायदाच झाला : गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. त्यावर १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या तरुणाने गाडीला तेलाच्या दाबाचे पंप बसवले. पोलीस दिसला, की गाडी वर, पोलीस गेला, की गाडी खाली! हे सारे मला इतके गमतीचे वाटले, की तासभर मी तेच पाहत बसलो. त्या गाड्या रिकाम्या होत्या, त्यांना विटा वाहायच्या नव्हत्या, आणि त्यांच्या वाटेत भिसे खिंड नव्हती, हे माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना म्हणालो, "काढा. काय होत नाय. अमेरिकेत सगळे काढतात."

"बरा," बाबा म्हणाले. एवढेच.

आईला मी सांगितले, की आज दोन पाटे काढणार आहेत, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग वाटन कशावर करायचा?" सगळे हसलो. त्या दिवशी घरात सर्वजण आनंदात होते.

मेस्त्रीने गाडी मागून जॅकवर उचलली, यू बोल्ट सोडले, सेंटर बोल्ट काढला. सात पाट्यांच्या जुडीतले दोन खेचून घेतले आणि पाच पुन्हा आवळले. दुसऱ्या बाजूलाही तसेच. अर्ध्या दिवसाचे काम. गाडी खाली सोडली तेव्हा मागची बाजू तीन बोटे उतरली होती. बाबांनी हौद्यावर हात ठेवून दाबून पाहिले, आणि हौदा खरोखरच दबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले, ते मला आजही दिसते. काढलेले चार पाटे आम्ही घरी आणले आणि परसात टाकले.

आणि चालले की हो! त्या हंगामात पुढे जेवढ्या खेपा झाल्या, त्यांत मूर्तीचे बोटसुद्धा दुखावले नाही. एकदा एका उंदराची शेपटी तेवढी गेली. एक दुकानदार तर दुसऱ्याला म्हणाला, की गणपती आणायचे तर याच्याच गाडीतून आणा. बाबांनी मला पेणला भजी आणि चहा दिला. लोकांना सांगत, "पोरानं इचार करून सांगितला." मी मान खाली घालून ऐकत असे, पण खालच्या मानेनेही सगळे नीट ऐकू येते. रात्री समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला दिवे मारून जात, ते का, हे तेवढे कळत नसे. मागची बाजू बसली म्हणजे पुढची वर होते, आणि आमचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, हा साधा हिशोब. पण बाबा म्हणत, "वलखीचा आसंल कोनतरी." आणि तेही उलट दिवे मारून रामराम करीत.

१७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. गणपती गेले. पाटे पुन्हा बसवायला हवेत, असे बाबा एकदोनदा म्हणाले. पण त्याला पुन्हा मजुरी, पुन्हा अर्धा दिवस. मी म्हणालो, "आता चाललीय ना चांगली?"

ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. आम्ही नागोठण्याला माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. मी शेजारी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती आणि मांडीवर इतिहासाची वही होती. भिसे खिंडीतून रोह्याकडे उतरायला लागलो, की एक वळण येते. तिथे रस्त्याच्या कडेला चार सपाट दगड आहेत. हंगामाप्रमाणे कातकरी बाया तिथे रानभाजी, काकड्या, कधी करवंदे घेऊन बसतात. वळणावर एक म्हैस आडवी आली. बाबांनी ब्रेक दाबला. काही फार जोरात नव्हे. असा ब्रेक ते रोज वीस वेळा दाबत असतील. पण मागची चाके एकदम जखडली, आणि गाडीची पाठ आमच्या मागून निघून शेजारी आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. खिडकीतून मला जिथे झाडे दिसत होती, तिथे रस्ता दिसू लागला. वही कुठे गेली ते कळले नाही. गाडी अर्धी फिरली आणि मागचे चाक गटारात जाऊन थांबली.

म्हैस कधीच निघून गेली होती. इंजिन बंद पडले होते. पाऊस पडत होता. बाबा खाली उतरले, मागे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत, म्हणून मीही उतरलो. ते त्या चार दगडांपाशी उभे होते. टायरचा चिखल दगडांवर ओढला गेला होता. एक टोपली चेपून सपाट झाली होती आणि काकड्या रस्त्यावर विखुरल्या होत्या. पावसासाठी म्हणून त्या दोघी बाया पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसल्या होत्या. टोपली तेवढी राहिली होती. त्यांच्यातली एक उठून आली, काकड्या गोळा करू लागली आणि आम्हालाच म्हणाली, "लागला तर नाय ना तुमाला?"

बाबांनी खिशात होते तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले. किती होते ते त्यांनी मोजले नाहीत.

घरी आल्यावर आईने विचारले, उशीर का झाला? बाबा म्हणाले, "रस्ता वला व्हता." पाट्यांचे नाव त्यांनी काढले नाही. माझे तर नाहीच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, आजपर्यंत नाही. ते एकदा तरी रागावले असते, तर मला हलके वाटले असते.

असे का झाले, ते दुसऱ्या दिवशी रोह्यातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने गाडीखाली जाऊन सांगितले. परीक्षा बुडवून मी बाबांबरोबर गेलो होतो. गाडीच्या सांगाड्याला ब्रेकच्या तेलाचा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून एक सळई मागच्या आसापर्यंत गेलेली असते. गाडीत माल भरला, की सांगाडा खाली बसतो, सळई हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकांना जास्त दाबाने तेल सोडतो. कारण मागे वजन असले, तर मागच्या चाकांनी जास्त जोर लावायला हवा. गाडी रिकामी असली, की सांगाडा वर, तेल कमी. मागे वजन नसताना जास्त जोर लागला, तर चाके जागच्या जागी जखडतात आणि गाडी घसरते. मेस्त्री म्हणाला, "तुम्ही पाटे काढले, गाडी खाली बसली. या सळईला काय कळतंय? तिला वाटतं माल भरलाय. रिकाम्या गाडीला भरल्या गाडीचा ब्रेक लागला." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गाडी खाली बसवायची, तर हिला पण पुन्हा जुळवावी लागते. तुला कुणी सांगितलं नाही?" बाबा मध्येच म्हणाले, "त्याला काय ठावं? तो आर्टसला हाय."

मला कुणी सांगितले नव्हते हे खरे. मी कुणाला विचारलेही नव्हते.

नंतर मी ग्रंथालयात जाऊन कायदाही पाहिला. आमच्यासारख्यांना उशिरा सुचलेले शहाणपण नेहमी कागदावरच शोधावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते, की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच पक्के केले. त्या कलमात पाट्यांचा शब्द नाही, म्हणून एखादा वकील वाद घालील. पण पेणच्या परिवहन कार्यालयात, जिथून आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांना एमएच ०६ हा क्रमांक मिळतो, तिथे मालगाडी तपासणीला न्यावीच लागते, आणि आमची तपासणी नोव्हेंबरात होती. बसलेली पाठ आणि दोन पाट्यांइतके मोकळे दिसणारे यू बोल्टचे आटे घेऊन तिथे उभे राहण्याची बाबांची तयारी नव्हती.

तेव्हा पाटे पुन्हा बसवायचे ठरले. मी परसात गेलो, तर पाटे तीनच! घरभर शोधाशोध. शेवटी आजीने कबुली दिली. चौथा पाटा तिने लोहाराला देऊन त्याचा कोयता करून घेतला होता. गाडीच्या पाट्याचे पोलाद कोयत्याला फार चांगले, धार लवकर जात नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही लोहाराला विचारा. "निसता गंजत पडला व्हता," आजी म्हणाली, "मी काय अमेरिकेला इकला नाय." अमेरिकेची गोष्ट तिच्यापर्यंत कशी पोहोचली, देव जाणे.

चौथा पाटा भंगारवाल्याकडून आणला. तो दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा. लांबीला जुळला, पण त्याचा बाक अधिक होता. त्यामुळे गाडी एका अंगाला अर्धा बोट वर राहिली. मेस्त्रीने तो पुन्हा उतरवून ऐरणीवर ठेवला आणि घणाच्या एकेका ठोक्याने त्याची कमान उतरवली. ठोका एकाच जागी देत नाहीत. टोकापासून मध्याकडे, मध्यापासून टोकाकडे, तसूतसूने सरकत जातात. नाहीतर पाटा एकाच जागी दुमडतो आणि पुढे तिथेच तुटतो. दर दहा-बारा ठोक्यांनी तो जुन्या पाट्याशेजारी लावून पाहायचा. दोन तास मी ते पाहत उभा होतो. मेस्त्री किती शिकला होता, ते मी विचारले नाही.

आता प्रश्न राहिला गणपतींचा. पाटे सात म्हणजे मूर्ती पुन्हा हिंदकळणार. त्याचा तोडगा त्या म्हाताऱ्या मेस्त्रीनेच सांगितला, आणि तो इतका साधा होता, की मला स्वतःची लाज वाटली. पाटे वजनाला वाकत नाहीत, कारण वजन नाही. तर मग वजन घाला! पाटे काढण्याऐवजी हौद्यात वाळूची पोती घाला. पोती तळाला, अगदी आसाच्या वरती, घसरणार नाहीत अशी बांधलेली; त्यावर फळ्या, फळ्यांवर पेंढा, पेंढ्यावर देव. पाटे आपोआप वाकतात, आणि त्या सळईला वाटते की माल भरलाय, तर खरोखरच भरलेला असतो. डिझेल थोडे जास्त जळते. ते सात गणपतींपेक्षा स्वस्त.

२०२५ सालचे गणपती २७ ऑगस्टला आले. त्या वर्षी मूर्ती कोणत्या न्यायच्या, हाच घोळ बराच काळ चालला होता. प्लास्टरच्या मूर्तींचे काय होणार, याची चिंता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांपासून पेणच्या कारखान्यांत होती. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या घडवायला परवानगी दिली, तेव्हा कुठे कामे जोरात सुरू झाली. आमच्या पहिल्या खेपेला मात्र शाडूच्याच मूर्ती जास्त होत्या. शाडू प्लास्टरपेक्षा जड आणि त्याहून ठिसूळ. बाबांनी आदल्या रात्री दहा पोती वाळू भरून ठेवली होती. सकाळी निघताना ते मला म्हणाले, "बस बाजूला." मी म्हणालो, "कालेज हाय." ते म्हणाले, "हाय तर हाय. सळई बघ एकदा खाली जाऊन."

मी गाडीखाली गेलो. सळई पाहिली, यू बोल्टचे नट पाना लावून पाहिले, पाटे मोजले. एकीकडे सात, दुसरीकडे सात. वरून बाबांनी विचारले, "काय बोलतंय?" मी म्हणालो, "बरोबर हाय. पन त्या रोह्याच्या मेस्त्रीला एकदा दाखवून जाऊ." ते काही बोलले नाहीत. पण हमरापूरला जायच्या आधी त्यांनी गाडी उलट दिशेला, रोह्याकडे वळवली.

त्या वळणावर आम्ही आता थांबतो. तिथे जी कुणी बसली असेल, तिच्याकडून काकडी, भाजी, जे असेल ते घेतो. बाबा भाव करीत नाहीत. आईला याचे नवल वाटते, कारण बाजारात चार आण्यांसाठीही वाद घालणारा हा माणूस.

आता हे मासिक घरी जाईल. बाबांना वाचता येते. ओळीखाली बोट धरून, हळूहळू, पण येते. आईला आणि आजीला ते मोठ्याने वाचून दाखवतील. भिसे खिंडीच्या पानापाशी ते येतील तेव्हा मी बहुधा परसात असेन. पुढच्या खेपेचा पेंढा तोडायचा आहे, आणि आजीच्या त्या कोयत्याला धार अजून चांगली आहे.